कर्नल विल्यम लॅम्बटन : हिंगणघाट येथे विसावलेले भूमापक

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. बहुधा तो पुरुष आपल्या समाजातील, निदान आपल्या प्रांतातील तरी असतो. यंदा हे काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले, तेव्हा मी ज्यांचे नाव सुचविले ते ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी साहजिकच पुसले की, ह्या साहेबाचा आणि आपला संबंध तो काय? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे की, हा पुरुष आपल्या वर्धा जिल्ह्याच्या मातीत, हिंगणघाट येथे चिरविश्रांती घेत आहे. आणि आपण ज्या भूमीवर नांगर धरतो, घरे बांधतो, सडका व कालवे काढतो, त्या भूमीची उंची व अंतरे अचूक मोजण्याचा पाया ह्या देशात त्याने घातला आहे. अशा पाहुण्याची ओळख आपल्या मुलाबाळांस करून देणे हे यजमानाचे कर्तव्यच नव्हे काय?

दुसरे कारण थोडे खाजगी आहे. लहानपणी वडिलांबरोबर मी तळेगावाहून वर्ध्यास गेलो होतो. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली पाहून मी वडिलांना विचारले की, समुद्र तर येथे कोठेच दिसत नाही, मग ही उंची मोजली कोणी आणि कशी? वडील शेतकरी होते. त्यांनी स्टेशनमास्तरांस विचारण्यास सांगितले. पण मला तेवढा धीर झाला नाही. पुढे मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालो, गणित व भूगोल हे विषय शिकविले, आणि त्या पाटीचे उत्तर शोधता शोधता कर्नल लॅम्बटन यांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. ते उत्तर मिळण्यास मला बरीच वर्षे लागली. आपल्या मुलांना ते एका बैठकीत मिळावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

विल्यम लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थॅलर्टन गावाजवळ क्रॉस्बी ग्रेंज येथे झाला. जन्मसाल निश्चित नाही. १७५३ ते १७५६ च्या दरम्यानचे असावे असे मानतात. आपले वय सांगण्याचा त्यांना मोठा कंटाळा असे. घरची स्थिती अगदी साधारण. नॉर्थॅलर्टनच्या शाळेत काही गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस फुकट शिक्षण मिळण्याची सोय होती, तिचा लाभ ह्या मुलास झाला. त्याची गणिताची गोडी पाहून पुढे त्यास चार्ल्स हटन ह्या नामांकित गणितज्ञाच्या हाताखाली शिकण्याची संधी लाभली. शिष्यवृत्तीच्या चार पैशांवर एखाद्या गरिबाच्या मुलाचे केवढे भाग्य उघडते, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे. आपल्या मंडळाच्या विद्यार्थी फंडास वर्गणी देताना हात आखडता घेणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

पंचविशीच्या सुमारास लॅम्बटन सैन्यात दाखल झाले. त्या वेळी अमेरिकेतील वसाहतींनी स्वातंत्र्याचे युद्ध पुकारले होते. १७८१ साली यॉर्कटाऊन येथे जे इंग्रज सैन्य शरण गेले, त्यात ह्या तरुण अधिकाऱ्याची पलटणही होती आणि त्यांस काही काळ युद्धकैदी म्हणून राहावे लागले. सुटका झाल्यावर कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांची नेमणूक झाली. तेथे जमिनीची व सरहद्दीची मोजणी करणे आणि सैन्याच्या बराकींची देखरेख ठेवणे ही कामे त्यांनी बारातेरा वर्षे केली. सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली असे सांगतात. पुढे ज्याने आयुष्यभर दुर्बिणीतून पाहावयाचे, त्याच्या वाट्यास असे दुर्दैव यावे! पण त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचे आढळत नाही. त्या निर्जन प्रदेशातील दीर्घ एकांतात ते गणिताचे व पृथ्वीच्या आकारासंबंधीचे ग्रंथ वाचीत राहिले. बढती नाही, नाव नाही, संपत्ती नाही. अशी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे निघून गेली. आमच्या शिक्षकी पेशातील पुष्कळांस ही स्थिती ओळखीची वाटेल.

१७९६ च्या सुमारास ते आपल्या ३३ व्या पलटणीत परत रुजू होऊन हिंदुस्थानात आले. पलटणीचे प्रमुख होते कर्नल आर्थर वेलस्ली, जे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आले. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम निघाली. त्या मोहिमेतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारात कूच करीत होती. लॅम्बटन त्यांच्या दिमतीस होते. आकाशातील नक्षत्रे पाहून त्यांच्या ध्यानात आले की, तुकडी उत्तरेकडे आपल्या छावणीकडे न जाता दक्षिणेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या दिशेने चालली आहे. त्यांनी ते जनरलसाहेबांच्या कानावर घातले. वाट समजण्यासाठी ताऱ्यांना विचारण्याची आपणास गरज नाही, असा जनरलसाहेबांचा पहिला पवित्रा होता. पण होकायंत्र पाहताच लॅम्बटन यांचे म्हणणे खरे ठरले आणि तुकडी संकटातून वाचली. ह्या मितभाषी अधिकाऱ्यास काहीतरी विशेष ठाऊक आहे, हे तेव्हापासून वरिष्ठांच्या लक्षात आले.

श्रीरंगपट्टण पडले आणि म्हैसूरचा विस्तीर्ण मुलूख कंपनी सरकारच्या प्रभावाखाली आला. त्या मुलखाची मोजणी करणे सरकारास जरूर होतेच. सैन्य हालविणे व सारा वसूल करणे ह्या कामी नकाशे हवे होते. लॅम्बटन यांनी ती संधी साधून एक मोठी योजना पुढे मांडली. नुसती गावे व नद्या कागदावर न उतरविता मद्रासच्या किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी गुंफावी, आणि तीवरून पृथ्वीचा खरा आकारही शोधून काढावा, अशी ती योजना होती. वेलस्ली यांनी शिफारस केली व १८०० साली मद्रास सरकारची मंजुरी मिळाली. त्या समयी लॅम्बटन पन्नाशीच्या घरात आले होते. ज्या वयात मनुष्य सेवानिवृत्तीचा हिशेब करू लागतो, त्या वयात ह्या पुरुषाने आपल्या जीवितकार्यास आरंभ केला.

आता त्रिकोणमितीची मोजणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकास माहीत आहे. म्हणून जमिनीवर एकच रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची. तिला पायारेषा म्हणावे. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरची एखादी टेकडी किंवा देवळाचे शिखर पाहून कोन घ्यावयाचे. त्यावरून मिळालेली नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा रीतीने टेकडीवरून टेकडीवर, दऱ्या, नद्या व अरण्ये ओलांडीत शेकडो मैल जाता येते आणि प्रत्येक ठिकाणी साखळी ओढावी लागत नाही. पण पहिल्या रेषेत वीतभर चूक झाली, तर ती पुढे वाढत वाढत कोठल्या कोठे जाईल. तेव्हा सर्व भार त्या पहिल्या रेषेवर.

ह्या कामासाठी लागणारी साधने गोळा करण्याची हकीकत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. पोलादाची शंभर फुटी साखळी चीनच्या बादशहास नजर करण्यासाठी इंग्लंडहून गेली होती. बादशहाने ती नाकारल्यामुळे ती फिरत फिरत कलकत्त्यास आली आणि तेथून लॅम्बटन यांच्या हाती पडली. कोन मोजण्याचे थिओडोलाइट नावाचे यंत्र लंडनच्या विल्यम केरी ह्या कारागिराने तयार केले होते. त्याच्या आडव्या चक्राचा व्यास तीन फूट आणि वजन सुमारे अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशस बेटावर नेले. परंतु हे यंत्र युद्धाचे नसून शास्त्राचे आहे असे कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रे एकमेकांच्या जिवावर उठली असतानाही विद्येचा मान राखला गेला, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंट येथे पायारेषेच्या मोजणीस प्रारंभ झाला. हा दिवस भारतात आता राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. सुमारे साडेसात मैलांची रेषा. पण ती मोजण्यास जवळजवळ दोन महिने लागले. साखळी जमिनीवर न टाकता तिवयांवर बसविलेल्या लाकडी पेट्यांत ठेवावयाची, वर सावलीसाठी तंबू धरावयाचा, जागोजाग उष्णतामापके ठेवून अंश टिपून घ्यावयाचे, आणि मग साखळी उचलून पुढे न्यावयाची. असे चारशे वेळा करावे लागले. इतका खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवीत असे. फॅरनहाइटच्या दहा अंशांनी उष्णता वाढली तर शंभर फुटी पोलादी साखळी इंचाच्या सुमारे चौदाव्या भागाने लांबते. हा फरक नखाएवढाही नाही. पण चारशे साखळ्यांत तो सुमारे अडीच फूट होतो! लहान चुकीकडे काणाडोळा करणाऱ्यास मोठ्या चुकीस तोंड द्यावे लागते, हा धडा सुभाषितापेक्षा ह्या गणिताने मुलांच्या मनावर अधिक ठसत असे.

मोजलेली रेषा नंतर गणिताने समुद्रसपाटीवर आणावी लागली. येथेच उंचीचा प्रश्न येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रसपाटीपासून जितके उंच जावे तितकी तीच रेषा किंचित लांब भरते. म्हणून सर्व मोजण्या एकाच पातळीवर आणल्यावाचून त्यांचा मेळ बसत नाही. ही पातळी म्हणजे समुद्र. भरती व ओहोटी यांची सरासरी काढून जी पाण्याची पातळी ठरते, तिला शून्य मानून देशातील सर्व उंची सांगतात. माझ्या बालपणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

उरलेले अर्धे उत्तर असे. दूरच्या टेकडीच्या माथ्याकडे दुर्बीण वळवून ती क्षितिजापासून किती अंश वर आहे हे मोजले आणि अंतर ठाऊक असले, म्हणजे उंची निघते. परंतु ह्यात दोन फसव्या गोष्टी आहेत. पहिली पृथ्वीची गोलाई. एका मैलावर जमीन सरळ रेषेपासून आठ इंच खाली जाते. दहा मैलांवर सुमारे सदुसष्ट फूट, तर तीस मैलांवर सहाशे फूट. दुसरी म्हणजे हवेमुळे होणारे प्रकाशाचे वक्रीभवन. त्यामुळे दूरची वस्तू असते त्यापेक्षा वर दिसते, आणि हा भ्रम सकाळी वेगळा, दुपारी वेगळा असतो. एका टेकडीवरून दुसरीकडे व दुसरीवरून पहिलीकडे असे दोन्ही बाजूंनी कोन घेऊन लॅम्बटन ह्या चुकांचा माग काढीत. ह्याच विद्येच्या बळावर पुढे, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, शंभर मैलांहून अधिक अंतरावरील मैदानातून हिमालयाच्या शिखरांची उंची मोजण्यात आली.

मद्रासपासून निघालेली त्रिकोणांची साखळी बंगळूरवरून पश्चिमेस मंगळूरच्या किनाऱ्याला जाऊन भिडली. तेव्हा असे आढळले की, जुन्या नकाशांत मद्रास व मंगळूर ह्यांमधील अंतर सुमारे ४०० मैल दाखविले असले तरी प्रत्यक्षात ते ३६० मैलच आहे. चाळीस मैलांची भूमी कागदावर होती, पण जमिनीवर नव्हती! मद्रासेत ह्या खर्चिक मोजणीची थट्टा करणारे अधिकारी कमी नव्हते. श्रीरंगपट्टणास जावयाचे तर पालखीच्या भोयांना सांगितले म्हणजे पुरे, त्यास लॅम्बटनचा नकाशा कशास हवा, असे म्हणणाराही एक महाभाग निघाला. ह्या चाळीस मैलांनी सर्वांची तोंडे बंद केली. बंगळूर येथे १८०४ साली दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजली, तेव्हा मद्रासेवरून त्रिकोणांनी आलेले उत्तर व साखळीने आलेले उत्तर ह्यांत केवळ चार इंचांच्या आतबाहेर फरक निघाला.

त्यानंतर लॅम्बटन यांनी दक्षिणोत्तर अशी मोठी साखळी हाती घेतली. ७८ व्या रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे ती जाते, आणि हा रेखांश आपल्या भागाच्या अगदी जवळून गेला आहे, हे वाचकांनी नकाशा उघडून पाहावे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असल्यामुळे अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्ताजवळ थोडी कमी व ध्रुवांकडे थोडी जास्त भरते. ही लांबी जितकी अचूक मिळेल, तितका पृथ्वीचा आकार अचूक कळतो. गुत्ती, बीदर असे टप्पे घेत १८१५ पर्यंत त्यांनी जवळजवळ दहा अंशांचे माप पुरे केले.

ह्या प्रवासात १८०८ साली तंजावर येथे एक आपत्ती कोसळली. तेव्हा तेथे भोसले घराण्यातील सरफोजी राजे गादीवर होते. सभोवती सपाट मैदान व ताडामाडांची दाटी. दूरवर दिसण्यास मोठ्या देवळाच्या मनोऱ्यावाचून उंच जागा नाही. थिओडोलाइट दोरांनी वर चढवीत असता एक दोर तुटला आणि ते अर्ध्या टनाचे यंत्र भिंतीवर आदळले. ज्या चक्रावर कोन वाचावयाचे तेच वाकडे झाले. दुसरा कोणी असता तर काम बंद करून विलायतेहून नवे यंत्र येईपर्यंत स्वस्थ बसला असता. लॅम्बटन यांनी स्वतःस तंबूत कोंडून घेतले. यंत्र सुटे करून पाचरी, स्क्रू व कप्प्यांच्या साहाय्याने ते चक्र त्यांनी कणाकणाने ओढून मूळ आकारात आणले. ह्याला सहा आठवडे लागले. त्यानंतर तेच यंत्र पुढे कित्येक वर्षे कामी आले. दोर ज्यांच्या हातून तुटला त्या माणसांवर त्यांनी आग पाखडली असा उल्लेख माझ्या वाचनात नाही.

त्या माणसांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. साखळी उचलणारे खलाशी, टेकडीच्या माथ्यावर निशाण धरून दिवसचे दिवस उभे राहणारे निशाणदार, यंत्र खांद्यावर वाहणारे हमाल, झाडे तोडून दृष्टीचा मार्ग मोकळा करणारे मजूर हे सर्व ह्याच देशाचे होते. जोशुआ डी पेनिंग हे लॅम्बटन यांचे विश्वासू सहाय्यक मद्रासच्या मोजणी शाळेत शिकलेले, मुलगेपणीच कामावर आलेले. १८१९ साली कृष्णा व गोदावरी ह्यांमधील जंगलात हिवतापाने ह्या पथकातील शेकडा माणसे अंथरुणास खिळली व काही दगावली. कर्नलसाहेबांचे नाव इतिहासात राहिले. निशाणदारांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत. अशा अनाम श्रमिकांचे स्मरण आपल्यासारख्या कष्टकरी घराण्यांतील मंडळींनी तरी करावे. हेही विसरता कामा नये की, ही मोजणी परक्या सत्तेने आपल्या सोयीसाठी चालविली होती. परंतु सत्ता गेली आणि ज्ञान येथे राहिले.

१८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्बटन यांस सभासदत्व दिले व फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही त्यांचा गौरव केला. आयुष्यभर उपेक्षेत काम केलेल्या मनुष्यास साठी उलटल्यावर हा मान मिळाला. १८१८ च्या आरंभी हे काम मद्रास सरकारकडून कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारकडे गेले आणि त्यास भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी असे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट ह्या तरुण अधिकाऱ्याची त्यांचे मुख्य सहाय्यक म्हणून नेमणूक झाली. एव्हरेस्ट यांनी प्रथम पाहिले तेव्हा लॅम्बटन वार्धक्याने थकलेले होते. पण यंत्रापाशी उभे राहिले की तोच मनुष्य तरुणासारखा चपळ होई, असे एव्हरेस्ट यांनी नमूद केले आहे.

त्रिकोणांची साखळी आता हैद्राबादच्या उत्तरेस वऱ्हाडात आली. १८२२ साली एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरकडील टाकरखेडा येथे लॅम्बटन यांच्या पथकाने शेवटची पायारेषा मोजली. त्यापुढे काम मध्य हिंदुस्थानात न्यावयाचे म्हणून त्यांनी आपले मुख्य ठाणे हैद्राबादहून नागपूरला हलविण्याचे ठरविले. तेव्हा सत्तरीच्या जवळ आलेला तो वृद्ध खोकल्याने जर्जर झाला होता. नागपूर राज्य त्या वेळी भोसल्यांचे होते. आपला वर्धा जिल्हा तर पुढे १८६२ साली अस्तित्वात आला. जानेवारीच्या थंडीत तळ हलवीत हलवीत मंडळी वणा नदीच्या काठी हिंगणघाट येथे पोहोचली आणि तेथेच २० जानेवारी १८२३ रोजी कर्नल लॅम्बटन यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे उत्तराधिकारी एव्हरेस्ट त्या वेळी जवळ नव्हते. ते मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या साखळीच्या कामावर होते. हिंगणघाट येथेच त्यांस मूठमाती देण्यात आली. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सुमारे एक लाख पासष्ट हजार चौरस मैलांच्या मुलखावर त्रिकोणांचे जाळे विणले होते. मृत्यू आला तो ही चालत्या कामावर, तंबूत, वाटेत.

त्यांनी सोडलेले सूत्र एव्हरेस्ट यांनी उचलून १८४१ च्या सुमारास डेहराडूनपर्यंत नेले. १८५२ साली राधानाथ सिकदर ह्या बंगाली गणितज्ञांच्या आकडेमोडीवरून हिमालयाचे पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरले. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली व त्यास एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. २०२० साली नेपाळ व चीन यांनी आधुनिक साधनांनी काढलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. जुन्या मोजणीत फरक निघाला तो अवघा तीस फुटांचा! शिखरास एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले, सिकदर यांचे आता पुष्कळांस ठाऊक झाले. पण ज्याने ही वाट प्रथम आखली तो हिंगणघाटास शांतपणे पडून आहे.

पुढे १८५८ पासून ह्याच खात्याने उंची मोजण्याची अधिक सूक्ष्म रीत देशभर सुरू केली. दोन खुणेच्या काठ्या थोड्या अंतरावर उभ्या करून मध्यभागी पातळीयंत्र ठेवावयाचे, दोन्ही काठ्यांवरील आकडे वाचावयाचे व फरक मांडीत पुढे जावयाचे. यंत्र बरोबर मध्ये असल्यामुळे पृथ्वीची गोलाई व हवेचे वक्रीभवन ह्यांचे दोष परस्पर कटतात. अशा रीतीने समुद्रकिनाऱ्यापासून पावलापावलाने उंची देशाच्या अंतर्भागात आणली गेली आणि ठिकठिकाणी दगडावर खुणा कोरल्या गेल्या. नागपूरचा झिरो माईल स्तंभ सर्वांनी पाहिला असेल. त्याजवळ १९०७ सालचा असा खुणेचा दगड असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट आहे. फुटाचा हजारावा भाग लिहिण्याचे धैर्य कोठून आले, हे आता वाचकांस कळेल. स्टेशनावरील पिवळ्या पाटीवरचा आकडाही ह्याच वंशातला आहे.

हे सर्व पुस्तकी ज्ञान आहे, नित्याच्या व्यवहारात त्याचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. मी ज्या एका गावी नोकरीस होतो, तेथे मोठा खर्च करून पक्की गटार बांधण्यात आली. बांधकाम चांगले होते, सिमेंटही चांगले होते. पण उतार डोळ्यांच्या अंदाजाने धरलेला. पहिल्याच पावसाळ्यात पाणी खाली जाण्याऐवजी शाळेच्या अंगणात उलटे आले. एक महिना मुलांना विटांवरून उड्या मारीत वर्गात यावे लागले आणि त्या वर्षी हिवतापाचा उपद्रवही वाढला. ते काम कोणाचे, हे सांगण्याने आता काही साधणार नाही. एक दिवस पातळीयंत्र लावले असते तर ते सर्व टळले असते, एवढेच सांगावयाचे. नळाची टाकी, रस्ता, पूल, भुयारी गटार ह्यांची सर्व मदार शेवटी उंचीच्या आकड्यावर असते. पाण्यास वशिला चालत नाही. ते उताराकडेच जाते.

हल्ली आकाशातील उपग्रहांच्या साहाय्याने स्थान व उंची काही क्षणांत मिळते. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांवर ड्रोन उडवून घराघरांचे नकाशे करण्याचे काम झाले, तेही आपण पाहिले आहे. ह्या नव्या साधनांविषयी एक गोष्ट मात्र तरुणांनी ध्यानात घ्यावी. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात ह्या दोन उंचींत पन्नास मीटरांहून अधिक तफावत पडते, आणि ती सर्वत्र सारखीही नसते. पाणी वाहते ते गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने. म्हणून नव्या आकड्यास जुन्या खुणेच्या दगडाशी ताडून पाहावेच लागते.

काही वर्षांपूर्वी मी लॅम्बटन यांचे थडगे पाहण्यास हिंगणघाटास गेलो होतो. वाट पुसताना तिघांनी माना हलविल्या; चौथ्याने ती दाखविली, पण तो साहेब कोण हे त्यासही माहीत नव्हते. दोष त्यांचा नाही. त्याच जिल्ह्यात इतकी वर्षे भूगोल शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांनी ते सांगितले नाही, हा आमचा दोष आहे. आणि तो मी येथे कबूल करतो.

म्हणून मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. येत्या २० जानेवारीस मंडळाने आपल्या समाजातील शाळकरी मुलामुलींची एक सहल हिंगणघाटास न्यावी. गाडीभाड्यातील माझा वाटा मी आताच देऊ करतो. दुसरी सूचना विद्यार्थी वसतिगृहाच्या नियोजित जागेसंबंधी आहे. जागा चांगली आहे, दानही मोठ्या मनाने मिळालेले आहे. पण नाल्याच्या बाजूस ती सखल वाटते. वाटते असे मी म्हणतो, कारण मी ती डोळ्यांनी पाहिली आहे, मोजलेली नाही. पायाभरणीचा नारळ फोडण्यापूर्वी मंडळाने जाणकार माणसाकडून तिची पातळी घेऊन ठेवावी. कर्नल लॅम्बटन यांस आपल्या जिल्ह्याने वाहिलेली ती सर्वांत योग्य श्रद्धांजली ठरेल.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, तळेगाव (श्यामजी पंत)